दाखला

अल्मेरियात टोमॅटो प्लास्टिकच्या छपराखाली पिकतात.
पहाटे साडेपाचला चौकातल्या गोल बेटाभोवती
माणसं उभी असतात, हात खिशात.
गाडी थांबते, काच खाली येते,
बोट फिरतं : तू, तू, आणि तो टोपीवाला.

रविवारी, गॅरेजमधल्या चर्चमध्ये,
एबेनेझर बोआतेंग द्राक्षमळ्याचा दाखला सांगणार होता.
रात्रभर बसून त्यानं तो आजचा केला :
मळ्याचं गोदाम, मुकादमाचं अ‍ॅप,
दीनाराच्या जागी युरो.

तिसऱ्याच वाक्याला मागून क्वाबेना हसला.
"पास्टर, बदलता कशाला?
पाच वाजेपर्यंत उभा राहिलेला, तो मीच."

मग त्यानंच सांगितलं –
सावली कुठवर सरकते,
लघवीला गेलं की जागा कशी जाते,
घरून फोन आला की 'कामावर आहे' म्हणायचं.
आणि तासाभराच्या कामाला पूर्ण रोज मिळाला
तर आधी आनंद नाही होत.
नोट उजेडात धरून बघायची.

"आणि पहाटेपासून राबलेला?" कुणीतरी विचारलं.
"तोही मीच, मागच्या मंगळवारचा.
कुरकुरणारच की. पाठ मोडते."

एबेनेझरनं कागदाची घडी केली.
इथे कुणाकडेच राहण्याचा दाखला नाही.
हा एवढाच आहे,
दोन हजार वर्षं जुना,
त्यावरही शिक्का नाही.

सोमवारी साडेपाचला
तो क्वाबेनाच्या शेजारी उभा होता.
काच खाली आली.