टेलला पोचलेले व्होल्ट

अंबडच्या एमआयडीसीत, पत्र्याच्या शेडच्या माळ्यावर
मी या बोर्डाचं पोट शिवलं.
मेंदू तयार मिळतो, नखाएवढा, पट्टीवर चिकटून येतो.
पोट मात्र आपलं आपल्यालाच शिवावं लागतं,
आणि पैसे वाचवायचे म्हटलं की
आधी पोटालाच चिमटा.

बारा व्होल्टचं गोल भोक ठेवायचं,
की मोबाइलच्या चार्जरचं चपटं?
गोल भोकात लोक हाताला येईल ते खुपसतात,
राउटरचं नऊ, लॅपटॉपचं एकोणीस,
मग जरासा धूर, मग फोन:
मॅडम, पाच मिनिटं चाललं होतं.
त्यापुढे छाती काढून उभा राहणारा बक कन्व्हर्टर हवा.
कॉइल, डायोड, कपॅसिटर मिळून
अकरा रुपये चाळीस पैसे.
लिनिअर रेग्युलेटर स्वस्त,
पण वरचे सात व्होल्ट तो नुसता तापून संपवतो,
मांडवात रुसून बसलेल्या काकासारखा.

गायधनी साहेबांनी एक्सेलमध्ये पाच हजारांनी गुणलं.
सत्तावन्न हजार.
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
"घरोघरी चार्जर आहेतच की, वृंदा."

आहेतच. मी चपटं भोक ठेवलं.
तोंडाशी असलेला मोठा कपॅसिटरही उडवला,
चार रुपयांचा.
हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

त्र्यंबकच्या पुढे, हरसूलच्या अलीकडे एक शाळा.
तिथे आमचे बारा बोर्ड.
तक्रार एका ओळीची: दुपारी सगळे लावले की आपोआप बंद पडतात,
आणि दोन कार्डांवरचं सगळं पुसलं गेलं.

मी मल्टिमीटर लावला.
चार्जरच्या तोंडाशी पाच पूर्णांक शून्य आठ.
बोर्डाच्या तोंडाशी चार पूर्णांक सेहेचाळीस.
मधे फक्त दीड मीटर वायर,
काळी, गुबगुबीत,
सोलली तर आत केसाएवढं तांबं.

डाव्या कालव्यावर आमचं वावर टेलला होतं.
पाटकऱ्याच्या वहीत पाणी नेहमी पूर्ण सुटलेलं असायचं.
आबा रात्री बॅटरी घेऊन चारीच्या कडेने चालत जायचे,
कुठे फुटलंय बघायला,
आणि बहुतेक वेळा कुठेच फुटलेलं नसायचं.
पाणी नुसतं वाटेत संपलेलं असायचं.
चार्जरवरही छापलंय: पाच व्होल्ट, दोन अँपिअर.

"लांब वायरीवर ते दमतं, मॅडम,"
सातवीतली कुंदा भोये म्हणाली.
तिने सगळे चार्जर सगळ्या वायरींना लावून पाहिले होते,
वहीत रकाने आखले होते.
जे चालले त्यांना हिरवा रबर.
जे नाही त्यांना काहीच नाही.
दोन आखूड वायरी तिने बाजूला ठेवल्या होत्या, परीक्षेसाठी.
तीन वर्षांची माझी डिग्री
त्या रकान्यांवरून बोट फिरवत राहिली.

मी विचारलं, एवढे चार्जर आणलेस कुठून?

हा गुरुजींचा. हा किराणावाल्याचा.
हा आमच्या काकाचा, तो जीप चालवतो.
मग त्याचा फोन?
"पाचपर्यंत बंदच असतो.
शाळा सुटली की नेऊन देते."

घरोघरी चार्जर आहेतच की.

दुसऱ्या आवृत्तीत कपॅसिटर परत आला.
वायर आता बोर्डालाच डकवलेली, एक हात लांब,
जाड तांब्याची, निघत नाही.
गायधनी साहेबांनी नऊ रुपये दोनदा वाचले,
माझ्याकडे पाहिलं आणि खाली स्क्रोल केलं.

चार्जर सोबत द्यावा, असंही मी लिहिलं होतं.
ती ओळ अजून पिवळ्या रंगात आहे.

मल्टिमीटरच्या गळ्यात एक हिरवा रबर असतो.
पावणेपाच झाले की उगाच घड्याळाकडे लक्ष जातं.
हरसूलच्या रस्त्यावर कोणाचा तरी फोन
आता सुरू होत असेल.