बोटांवर सिग्नल

विडी घरकुलात पत्र्यावर चढायचं तर सकाळी आठाच्या आत.
मी पोचलो साडेदहाला.
पत्रा तापून पान्यालाही सोसेना.

नरसूबाई चिप्पा सूप मांडीवर घेऊन दारात,
दोरा दातात. तसंच म्हणाली,
"वर लाईटीची तार हाय, बघा की आधी."
होती. हात लांबवला तर लागेल एवढ्यावर.
दांडा मी पार दुसऱ्या टोकाला नेला,
भिंतीत चार बोल्ट, बाजूला ओळंबा धरून.
दांडा सूतभर कलला
तर वरचा सगळा हिशोब जातो.

छत्रीचं तोंड आग्नेयेला.
ती समोरच्या टाकीकडे बघतेय असं वाटतं.
नसते बघत. तिची नजर टाकीच्या कितीतरी वर,
जिथं कुणी काही ठेवलंय असं दिसत नाही.
हे गिऱ्हाइकाला पटवण्यात माझी निम्मी सकाळ जाते.

आकडा ती वाचणार, मी वर वळवणार, असं ठरलेलं.
पण शेजारच्या खोलीत चार लूम,
खटाक् खटाक् टॉवेल निघतायत,
तिचं "चाळीस" उंबऱ्यातच विरायचं.
मी ओरडतोय, ती ओरडतेय,
छत्री कुठल्यातरी रिकाम्या आभाळाकडे.

तेव्हा म्हातारा बाजेवरून उठला.
अंबादास. एकतीस वर्षं मिलच्या साचेखात्यात,
कान तिथंच ठेवून आलेला.
अंगणात मधोमध उभा राहिला,
बायकोच्या ओठांकडे एकदा बघितलं
आणि हात वर केला.

चार बोटं, मग मूठ.
चाळीस.
तळवा पालथा : थांब.
करंगळी डावीकडे : नखभर.
साचेखात्यात म्हणे सगळे असेच बोलायचे,
धागा तुटला, कांडी संपली, मुकादम येतोय,
तुझ्या घरी पाव्हणे आलेत.
एवढ्या आवाजात कुणाला आवाज चढवावा लागत नव्हता.

पाच, मूठ.
सहा, मूठ.
सहा, मूठ, आणि दोन बोटं.
मग चिमटीत गाठ मारल्यासारखं केलं त्यानं.
मी नट आवळले, आळीपाळीनं, थोडे थोडे,
एकच घट्ट केला तर छत्री हलते.
आतून नरसूबाई : "वच्चिंदी, वच्चिंदी!"
हे मात्र लूमच्या वरून ऐकू आलं.

खाली येऊन मी नेहमीचं सांगत बसलो.
वायर घरात शिरण्याआधी खाली झोळ देऊन आणलीय,
पाणी तिथंच गळून जाईल, ओढून ताठ करू नका.
ही तांब्याची तार जमिनीत गेलीय, पोरांना हात लावू देऊ नका.
डबा तापतो, त्याला श्वास लागतो,
वर कापड नको.
(तिनं आधीच शिवून ठेवलं होतं, झालरीचं.)
वीज चमकली की बटण बंद, प्लग काढा,
मागची पिनही काढा.
हे शेवटचं मी म्हाताऱ्याला हातांनी सांगितलं,
बोटानं आभाळ फाडून दाखवलं.
त्यानं परत करून दाखव म्हटलं. दोनदा.

मे सरता सरता नरसूबाईचा फोन :
नऊ दिवस झाले, चित्र नाही.
गेलो, पत्र्यावर चढलो, एकही नट हललेला नव्हता.
आत येऊन डब्यामागे बघितलं.
पिन काढलेली, प्लग काढलेला,
दोन्ही टॉवेलच्या घडीवर शेजारी शेजारी ठेवलेले.

"लावू देत न्हाईत," ती म्हणाली.
"त्या दिवशी चमकलं, तवापासनं. रोज वर बघतात,
म्हणतात अजून गेलं न्हाई."

त्याला गडगडाट ऐकू येत नाही.
ऐकू येत नाही म्हणजे गेलं,
असं तो धरून चालत नाही.

मी अंगणात त्याच्या शेजारी उभा राहिलो.
आभाळ स्वच्छ होतं.
फक्त हैदराबाद रोडच्या अंगाला,
टाकीच्या पलीकडे, रुमालाएवढा ढग.
त्यानं तो मला दाखवला
आणि तळवा पालथा केला.

मी पाना पिशवीत टाकला
आणि थांबलो.