न गाळायची ई

होसूरकर सरांची शिकवणी वडगावात,
यंत्रमागांच्या वरच्या माळ्यावर.
खाली खटखट, वर आम्ही नऊजण,
आणि नियम त्या ठोक्यावर बसलेले:
इंग लावताना शेवटची ई गाळा.
मेक, मेकिंग. टेक, टेकिंग. राइट, रायटिंग.
टी एकच हं. दुसरा टी रिटनसाठी ठेवा, म्हणायचे,
सगळं आजच खर्च करू नका.

आय-ई दिसली तर तिचा वाय करा.
टाय, टाइंग. लाय, लाइंग. डाय, डाइंग.
कोपऱ्यातून मल्लव्वा मुचंडी विचारायची,
सर, गाठ बांधणं आणि खोटं बोलणं
एकाच नियमात कसं?
सर म्हणायचे, मरणंसुद्धा.

आमच्या दारावर वडिलांचा बोर्ड,
इराप्पा पेंटरने सत्त्याऐंशी साली रंगवलेला.
वर कन्नड, ठसठशीत.
मध्ये इंग्रजी, लाल, सावलीसकट.
मराठीपर्यंत येता येता पत्रा संपला होता.
कँपातल्या एक मेमसाब साडी रंगवायला आल्या,
बोर्ड वाचून हसल्या,
जीपमधल्या नवऱ्याला दाखवला, तोही हसला.
वडीलही हसले, गिऱ्हाईक हसतंय म्हणून.

मला कळलं दुसऱ्या दिवशी, अपवादांच्या तासाला.
कापड रंगवायचं तर ई राहू द्यायची.
गाळली की माणूस मरायला टेकतो.
सहा वर्षं आमच्या दारावर लिहिलेलं होतं:
भरमा रंगारी अँड सन्स, मरत आहेत.
सन्स नव्हतेच. मी एकटी होते.

वहीत दोन्ही शब्द मराठीत लिहून पाहिले.
डाइंग. डाइंग.
ऐकून लिहिणारी आपली लिपी,
तिला मुकी ई कुठून कळणार?

संध्याकाळी वडील हंड्यावर वाकलेले,
गुलबक्षी लडी काठीवर फिरवत,
कोपरापर्यंत रंगलेले.
आप्पा, बोर्ड चुकलाय.
"कन्नड चुकलंय?" दचकलेच ते.
नाही, इंग्रजी.
मग जीव भांड्यात पडला. "काय म्हणतंय इंग्रजी?"
मी सांगितलं.
काठी थांबली नाही; थांबली तर लडीवर डाग पडतात.
"मी रंगवाय लागलोय गे," म्हणाले,
"मराय न्हाई लागलोय.
एवढं कळंना व्हय त्यास्नी?"

पुण्याच्या मामेबहिणी
आमच्या ह्या लागलोयला तोंडावर हात धरून हसायच्या.
त्या दिवशी तो मला पहिल्यांदा नीट ऐकू आला.
काहीही न गाळता
कुठल्याही कामाला जोडता येणारा.

इराप्पाने एका अक्षराचे पाच रुपये घेतले.
ओळीत जागा नव्हती,
म्हणून ई वरच्या अंगाला, काकपद देऊन,
बाकीच्यांहून बारकी,
आणि निळी, कारण लाल संपला होता.
वडिलांनी लांब जाऊन पाहिलं.
"टोपी घातल्यागत दिसतंय," म्हणाले.

आता मी खानापुरात आठवीला शिकवते.
मुलं पेडमध्ये वाय घुसवतात,
स्टॉप्डचा एक पी खातात,
मी लाल शाईने परत करते.
तो शब्द आला की मात्र फळ्यावर ई
थोडी वर काढते, निळ्या खडूने.
मुलं वहीत तशीच उतरवतात.
परवा तपासणीला आलेल्या बाईंनी विचारलं,
ही वर का?
म्हटलं, जागा नव्हती.