उताराला लावलेला

आमचा ट्रॅक्टर रात्री नेहमी उताराला झोपतो,
पुढच्या चाकाखाली दगड, तोंड गावाकडं.
सेल्फ गेला त्या वर्षी धाकट्या आत्याचं लग्न होतं.
आधी लग्न होऊ दे म्हणाले, मग राहूनच गेलं.
आत्याची मुलगी आता गारगोटीत कॉलेजला जाते.

सकाळी दगड काढायचा, क्लच दाबून सुटायचं,
चिंचेपाशी आलं की सोडायचा.
एक हिसका, एक शिंक,
मग सगळ्या माळाला कळतं आम्ही उठलो ते.

पीटीओ त्याच्याही आधी मेलेला.
शाफ्ट आहे, फिरत नाही,
रिटायर हवालदाराच्या शिट्टीसारखा
नुसता लटकून आहे.
म्हणून मळणीला नाही, रोटरला नाही,
भाड्यानं कोणी विचारत नाही.
भंगारवाला किलोवर नेईल, सत्तापादादा म्हणायचा,
आणि म्हणत म्हणत ऑइल बदलायचा.

मग उद्यमनगरात, केरबा सुतारांच्या शेडमध्ये
दादानं तो रेक बघितला.
पाच चाकं, तिरकी, एकामागं एक,
काठाला तारेची बोटं.
"ह्याला पीटीओ किती लागतोय?"
केरबांनी बशीतला चहा संपवला.
"कशाला? जमीन हाय की फिरवायला."
रेक नंतर आला.
हे वाक्य दादा त्याच दिवशी घरी घेऊन आला.

यंदा दादाचा गुडघा उघडून शिवलाय,
म्हणून सीटवर मी.
सीट म्हणजे पत्रा, त्यावर युरियाचं पोतं, चौघडी.
करड कापून तीन दिवस झालेत.
दादा बांधावर खुर्ची टाकून मूठभर गवत पिळतो.
मोडलं तर उशीर, वाकलं तर घाई.
दहाच्या सुमाराला कधीतरी
ते मोडतही नाही, वाकतही नाही, नुसतं कुरकुरतं.
तेव्हा तो हात वर करतो.

सेकंड लो.
मी दोरी सोडते, रेक खाली येतो,
आणि पाचही चाकांना जमीन लागते.
पहिलं फिरतं, दुसऱ्याकडं गवत सरकवतं,
दुसरं तिसऱ्याकडं,
पंगतीत मिठाची वाटी जाते तसं.
शेवटचं चाक ते सगळं
जाड सैल वेणी करून बाजूला ठेवतं.

तिसऱ्या चाकाचं एक बोट तुटलंय.
दर फेऱ्याला तेवढंच, चिमूटभर, मागं राहतं.
वहिनी दाताळं घेऊन मागून चालते.
"तुमच्या पाच चाकांचं उष्टं मी काढतोय,
ध्यानात असू दे."

काल विश्वजीतनं आपला नवा पंचावन्न एचपी आणला होता.
गाणी लावून दोन ओळी ओढल्या, वाऱ्यासारख्या.
पाला उडून गेला, काड्या उरल्या.
म्हशीनं हुंगलं आणि माझ्याकडं बघितलं.

आज दुपारी दाजीपूरच्या बाजूला ढग.
दिवाळी होऊन गेली तरी ह्याचं काही खरं नसतं.
विश्वजीत ट्रॉली घेऊन कडेला उभा,
"आक्का, रेट की जरा!"
मी त्याच्याकडं बघत नाही.
रेटलं तर चाकं गवत फेकतात,
आणि फेकलेलं गवत पुन्हा ओळीत येत नाही.

जेवतानाही इंजिन चालूच ठेवलं.
सपाटावर बंद पडला तर ढकलायला सहा माणसं,
आणि आम्ही चौघं, त्यात एक गुडघा.
ओळीसुद्धा त्याच हिशेबानं टाकतो आम्ही,
शेवटची वरच्या अंगाला संपेल अशा.

संपली तेव्हा अंधारलं होतं.
तीन थेंब बॉनेटवर पडले, चर्र झाले,
आणि ढग कर्नाटकात निघून गेला.
"किती झाल्या?" दादानं खुर्चीतनं विचारलं.
"सोळा."
"मागं काय राहिलं?"
वहिनीनं ओच्यातली करड म्हशीपुढं ओतली.

मी तोंड गावाकडं केलं, गाडी बंद केली,
चाकाखाली दगड सरकवला.
मोज्यात कुसळं भरली होती.
ती काढत तिथंच बसले,
इंजिन गार होताना टिक टिक करतं,
ते थांबेपर्यंत.