बिनआवाजाचा

ट्रॉलीची दोन्ही चाकं गेली शिगम्याच्या रात्री.
सगळं धावे मांडावर होतं,
ढोल ओहळापलीकडे ऐकू जात होते,
आणि परतलो तेव्हा ट्रॉली
चिऱ्यांच्या दोन चवडींवर नीट टेकवलेली.
नीट. हेच लागलं मला.
एवढं जपून केलेलं चोरकाम
ओळखीच्या हातांशिवाय होत नाही.

मग मी मनात मांड पुन्हा भरवला.
कोण होतं, कोण नव्हतं.
म्हाळू नव्हता.

काजूचे पैसे घेऊन वाळपईला गेले.
एग्नेलने दोन खोके पुढे ठेवले:
हा नुसता बघतो, बाय. हा ऐकतोसुद्धा.
ऐकणारा दीड हजाराने महाग.
म्हटलं, चोर काय गजाली करत येतो?
बघणारे दे. चार.

आता सगळी बागायत माझ्या तळहातात:
गोठा, फाटक, नव्या चाकांची ट्रॉली,
आणि माडाला बांधलेला चौथा,
जो वाऱ्यावर कधी काजूची भट्टी दाखवतो
कधी आभाळ.

घर खाली वाड्यावर, गोठा वर डोंगराला.
मधलं अंतर रात्रभर उशीखाली गुरगुरतं.
मनुष्य आढळला. पाल.
मनुष्य आढळला. भिंगावर जाळं विणणारा कोळी,
बैलाएवढा.
मनुष्य आढळला. गवा, कुळागराच्या कडेला,
पोफळीच्या रोपांवरून सावकाश मान फिरवणारा,
मनुष्य म्हटल्याचं काहीही न वाटलेला.

खरा मनुष्य रोज एकच, मी.
पाठमोरी. डाव्या पायावर जरा जास्त भार.
ही बाई कोण, असं वाटलं पहिल्यांदा,
मग हातातली बादली ओळखली.

आणखी एक दिसलं, जे वीस वर्षं गुरं पाळून दिसलं नव्हतं,
कारण मी गेल्यावर तिथे मी नसते:
दूध काढून निघाले की मोगरी
मान वळवून दाराकडे बघत राहते.
मोजलं.
अकरा मिनिटं.
मगच वैरणीला तोंड लावते.

मंगळवारी पहाटे तीन पस्तीस.
मनुष्य आढळला.
या वेळी मनुष्यच होता.
म्हाळू, कमरेला पंचा, टॉर्च दातांत धरलेली.
मी उठून बसले. नवऱ्याला उठवलं नाही.
मला पुरावा हवा होता, पुरता.

तो ट्रॉलीकडे वळलाच नाही.
धावत गोठ्यात शिरला, गुडघ्यांवर बसला.
पाडीने दावं मानेभोवती दोनदा फिरवून घेतलं होतं;
मी तासापूर्वी पाहिलं तेव्हा
ती मला निजलेली वाटली होती.
कोयतीने दावं कापलं. पाडी उभी राहिली, पडली, उभी राहिली.

मोगरी हंबरत असणार.
किती वेळ, कोण जाणे.
ओहळापलीकडे त्याला ऐकू गेलं.
मला, चारही चौकटी हातात धरून,
नाही.

मग त्याने वर पाहिलं, सरळ माझ्याकडे,
डोळे जनावरासारखे पांढरे चमकले,
आणि काहीतरी बोलला.
चार शब्द, फार तर पाच.
जाताना फाटकाला कडी घातली, वर तार गुंडाळली,
जी मी कधीच गुंडाळत नाही.

चाकं कोणी नेली ते अजून कळलेलं नाही.
त्यानेच नेली असतील.
दोन्ही होऊ शकतं.

मागे नेऊन नेऊन बघते.
ओठ दोनदा मिटतात, मध्ये एकदा दात दिसतात.
आरशासमोर तसेच ओठ हलवून पाहिले.
शिवीसुद्धा बसते त्यात.
पाणी पाज, हेही बसतं.

रेकॉर्डिंग सात दिवस राहतं,
मग त्याच्यावरच नवं चढतं.
डेअरीवर जायची वाट त्याच्या अंगणावरून जाते.
आज सोमवार. कॅन भरलेत.
तो बाहेर बसून दावं वळतोय, काथ्याचं,
आणि मान वर करत नाही.