फाटकाची राखण

आधी लाल. काचपट्टीखाली स्पिरिटचा पेटता बोळा,
वाफ येईपर्यंत तापवायचं, उकळू द्यायचं नाही.
मग आम्ल, मग निळं.
निळ्यात जे लाल उरतं ते आपलं.
एकोणीस वर्षं हेच करते आहे
सिंदेवाहीच्या अलीकडच्या या दवाखान्यात.
खिडकीबाहेर धानाच्या बांध्या,
आत बेडक्यांच्या डब्या, डबीडबीवर नाव.

त्या दिवशीची डबी: इस्तारी शेंडे, वय चौपन्न.
धंद्याच्या रकान्यात त्यानं लिहायला लावलं
कोंडवाडा.
म्हणजे ग्रामपंचायतीचा. मोकाट ढोरं कोंडायची,
मालक दंड भरेपर्यंत फाटक राखायचं.
वजन अडतीस किलो, चपलेसकट.

"बाई जी, माह्या आंगात कोनी राखनदार नसन का?"

आहे ना, म्हटलं.
फुप्फुसाच्या पार टोकाच्या खोलीत बसलेला असतो,
धूळ गिळतो, धूर गिळतो, तुमच्या बिडीचासुद्धा.
जंतू आला, त्यालाही गिळतो.
पण हा जंतू मेणाच्या कातडीचा, पचत नाही.
राखणदाराच्याच पोटात बिऱ्हाड करतो,
त्याच्याच घरचं तूप खातो,
आणि सावकाश, वीस-वीस तासांनी,
एकाचे दोन होतो.

इस्तारी हसला, मग खोकला, मग पुन्हा हसला.
"म्हंजे चोर ठान्यातच ऱ्हाते."

मग हाक जाते, म्हटलं. दुसरे येतात.
काही पेशी तर शिकून येतात,
छातीतल्या गाठींत त्यांना दाखवलेला असतो
त्या एकाच जनावराचा डाग;
त्या येऊन राखणदाराला हलवून जागं करतात.
मारणं जमलं नाही तर सगळे मिळून वेढा घालतात,
अंगाला अंग लावून.

(काही वितळून एक होतात, एकच थोरली पेशी,
तिची केंद्रकं कडेनं मांडलेली, घोड्याच्या नालेसारखी.
सेवाग्रामला शिकताना पाहिली होती एकदाच, जांभळ्या रंगात.
मागे रांग खोळंबली तरी मी डोळा काढला नव्हता.
हे नालेचं त्याला सांगितलं नाही. का, माहीत नाही.)

त्यानं विचारलं ते मात्र मला कुठल्या सरांनी विचारलं नव्हतं:
"चारा कोन टाकते?
कोंडलं तं चारा लागते. राखनदारालेही लागते."

मी डबीवरचं नाव उगाच पुन्हा गिरवलं.
चारा म्हणजे तुमची मांडी, तुमचे दंड,
बरगड्यांमधलं मांस.
वेढ्याच्या मधोमध सगळं चक्क्यासारखं पांढरं होतं,
आणि ज्या साली पोटाला कमी पडतं
त्या साली भिंत आतून भुसभुशीत.
हे मी बोलले नाही.
तोच बोलला, दुसरंच काही सांगावं तसं:
"अकरा महिने झाले पगार नाही पंचायतीचा.
राखतो जी फाटक. पन रातच्याले डोळा लागते."

दोन प्लस.
लाल काड्या, कुठे जोडीनं, कुठे मोळीच.

गोळ्या सुरू झाल्यावर एकदा दारातूनच ओरडला,
"लघवी शेंदरी झाली, बाई!"
रांगेतले सगळे वळून बघायला लागले.
औषधाचा रंग आहे, म्हटलं, चालू ठेवा.

दोन महिन्यांनी शंभर क्षेत्रं पाहिली,
ओळीनं, एकही बांधी न वगळता.
निळं. निळं. निळं.
वजन एकेचाळीस.
पगार? त्यानं फक्त हात झटकला.

माझ्या डाव्या हातावर, शिकत होते तेव्हा,
सुईनंतर सोळा मिलिमीटर फुगलं होतं.
तुझ्यातही एक कोंडलेला आहे, सर म्हणाले होते,
राहू दे.
तेव्हापासून राहू दिला आहे.

त्या रात्री वीज गेलेली. इतकी दमले होते
की न जेवता आडवी झाले.
मग उठले, चाचपडत गंज उघडला,
सकाळचा भात, थोडं वरण,
आणि अंधारात शेवटच्या शितापर्यंत खाल्लं.