बक्षीसपत्र

देवरुखच्या बँकेतल्या साहेबांनी दोनदा विचारलं,
पैसे तिकडून इकडे येतात ना? तुमचे उलटे कसे चालले?
आप्पा म्हणाले, ओहोटी लागली.

अकरा लाख चाळीस हजार.
बहरीनला पोचेपर्यंत त्यांचे झाले
पाच हजार दिनार आणि वर काही सुट्टे.
माझ्या साठवणीत ते मिसळले की
जुफेरमधल्या सातव्या मजल्यावरची दीड खोली
पाचव्या हिश्श्याने माझी;
बाकी बँकेची, पंचवीस वर्षं.

हेच पैसे आप्पांनी इथून पाठवले होते,
गोदीत जहाजांच्या पोटाखाली उताणं पडून
गंज खरवडत, दिनारला तेहतीस रुपये भावाने.
आता दोनशे सव्वीस मोजून
एकेक परत विकत घेतला.
हा तोटा कुठल्या रकान्यात लिहायचा
मला विचारू नका. मी रक्त तपासते, वह्या नाही.

काउंटरवरची बुदूर कागद चाळत म्हणाली,
कर्ज की हिबा?
हिबा. आमच्याकडे बक्षीस म्हणतात.
ती हसली. बक्षीस तिला ठाऊक होतं,
पेट्रोल पंपावरच्या पोऱ्याला देतात ते.
आप्पांनाही तेवढंच ठाऊक होतं:
ईदला फोरमनने हातावर टेकवलेला
अर्धा दिनार.

मसुदा मीच पाठवला होता.
मी, सोनू बाळू गोताड, माझी मुलगी सुगंधा हिला
ही रक्कम स्वखुशीने देत आहे.
परतफेडीची अपेक्षा नाही.
सदर घरावर माझा कसलाही हक्क राहणार नाही.
शेवटचं वाक्य टाइप करताना माझं बोट अडलं.
आप्पांचा हात नाही अडला.
सही केली, आणि खाली शाईने, तिरपं,
मसुद्यात नसलेलं एक वाक्य घातलं:
कडी आतून लागते का बघून घे.

फोनवर विचारलं तेव्हा म्हणाले,
आमच्या खोलीला आतून कडीच नव्हती.
अकरा माणसं, बावीस वर्षं,
कोणीही कधीही दार ढकलायचं.
आणि लगेच, जुफेर म्हणजे नेमकं कुठं गं?
तिथं तर पाणी होतं.
शुक्रवारी आम्ही गळ टाकून बसायचो तिथं.
भराव घातला, मी म्हटलं.
बरं, म्हणाले. मासे कुठं गेले मग?

बुदूरने त्या ओळीवर पेन टेकवलं. हे काय?
सांगितलं.
ती थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिली.
मग हळूच म्हणाली, हे अट घातल्यासारखं वाटतं.
हिब्याला अट चालत नाही.
नवीन आणा.

नवीन आलं, कोरं करकरीत, फाइलमध्ये गेलं.
जुनं माझ्या पर्समध्ये, लॅबच्या ओळखपत्रामागे.

शनिवारी एजंट मला
स्वयंपाकाच्या ओट्याचा दगड दाखवत होता.
मी त्याला बाहेर थांबायला सांगितलं,
दार लोटलं
आणि आतून कडी सरकवून पाहिली.
लागते, आप्पा.
जरा घट्ट आहे. तेल घालावं लागेल.